म्हणे, रिफ्रेश मारा!

आपल्याकडे संगणक सुरू झाला की पूजेआधी आचमन करावं तसं एक कर्म होतं. डेस्कटॉपवर उजवं क्लिक, रिफ्रेश. पुन्हा उजवं क्लिक, रिफ्रेश. सायबर कॅफेत, कचेरीत, घरी, कुठेही बघा. हात बसलेला माणूस तर एफ-फाइव्हवर बोट ठेवूनच बसतो. कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘मशीन जरा मोकळं होतं.’ काहीही मोकळं होत नाही. डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा एकदा काढली जातात, एवढंच. पण त्यानं कुणाचं बिघडत नाही, म्हणून मी या कर्मकांडाच्या वाटेला कधी गेलो नाही.

आता जावं लागतंय, कारण हाच आचमनी हात जावाचे प्रोग्रॅम लिहायला बसला आहे.

जावातल्या स्विंग या विंडो बनवायच्या संचावर डेस्कटॉपचं काम करणाऱ्या दहा जणांना विचारा, की विंडो उघडी असताना तिच्यातला मजकूर बदलायचा कसा? नऊ जण हेच ऐकवतील: ‘स्विंग मठ्ठ आहे हो. लेबल बदललं तरी त्याला कळत नाही, पॅनल टाकलं तरी दिसत नाही. जुनाट तंत्र, दुसरं काय! त्याला रिफ्रेश मारावा लागतो. रीपेंट टाका. नाही चाललं तर रीव्हॅलिडेट. तरी नाही चाललं तर फ्रेम लपवून पुन्हा दाखवा. नाहीतर सरळ मोडून नवी उभी करा. आणि आठ-आठ कोरच्या जमान्यात हे अजून एकाच थ्रेडवर चालतं, म्हणजे बघा! वेबवर कसं सगळं आपोआप होतं.’ दहावा काही बोलत नाही, कारण तो एव्हाना वेबवर गेलेला असतो.

हे मत इतक्या आत्मविश्वासानं सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला ते तपासावंसंच वाटत नाही. आपण तपासू.

मध्यंतरी एका तंत्रनिकेतनात बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलाचा प्रोग्रॅम अगदी साधा होता: बटण दाबलं की दहा, नऊ, आठ असं उलटं मोजत शून्यावर यायचं. त्यानं बटण दाबलं. बटण दाबलेलंच राहिलं. आम्ही दोघं दहा सेकंद स्क्रीनकडे बघत होतो. मग एकदम ‘०’ उमटलं. ‘सर, घरी पण असंच होतं,’ तो म्हणाला, ‘सगळं टाकून बघितलं.’ खरंच सगळं टाकलं होतं. लूपमध्ये सेटटेक्स्ट, त्याखाली रीपेंट, त्याखाली रीव्हॅलिडेट, त्याखाली फ्रेमचं सेटव्हिजिबल, आणि सगळ्यात खाली अपडेट-कॉम्पोनंट-ट्री-यूआय नावाची लांबलचक ओळ. वाटेत दिसेल त्या दगडाला शेंदूर लावावा, तसं. ‘हे कुणी सांगितलं?’ ‘आमच्या सीनियरनं.’ या पाच ओळींच्या वर, लूपच्या तोंडाशी, थ्रेड-स्लीप एक हजार मिलिसेकंद.

आपल्या शासनाला ‘एक खिडकी योजना’ फार प्रिय. स्विंग ही शब्दशः एक खिडकी योजना आहे. खिडकीमागे एकच कारकून बसतो, त्याचं नाव इव्हेंट डिस्पॅच थ्रेड. कळ दाबली, माउस हलला, टायमर वाजला, एखादं लेबल पुन्हा रंगवायचं आहे. प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी एकाच रांगेत येते आणि तो एकेक उचलून निकालात काढतो. तुमच्या बटणामागचं कामही त्यातलीच एक चिठ्ठी असते. आता त्या चिठ्ठीवर तुम्ही लिहिलंय, ‘एक सेकंद झोप, मग आकडा बदल, असं दहादा कर.’ आकडा बदलला की ‘लेबल रंगव’ अशी नवी चिठ्ठी रांगेत पडते. पण ती उचलणार कोण? तोच कारकून. आणि तो तुमच्याच हुकमानं झोपला आहे. दहा सेकंदांनी उठतो तेव्हा त्याच लेबलाच्या रंगवण्याच्या विनंत्या रीपेंट मॅनेजरनं केव्हाच एकत्र बांधलेल्या असतात. तो एकदाच रंगवतो, आणि तोवर आकडा शून्यावर आलेला असतो. यात मठ्ठ कोण?

रीपेंट म्हणजे ‘आत्ता रंगव’ नव्हे, ‘सवड झाली की रंगव’. या हुकमाचा अर्थ पहिल्यापासून हाच आहे. झोपलेल्या माणसाच्या उशाशी पाच चिठ्ठ्या ठेवल्या म्हणून तो एका चिठ्ठीपेक्षा लवकर उठतो का?

त्या मुलाला लूप काढायला सांगितला आणि स्विंगचा टायमर लावून दिला. दर सेकंदाला एक छोटी चिठ्ठी, मधल्या वेळात कारकून मोकळा. दहा, नऊ, आठ, सात. मग शेंदराच्या चारही ओळी खोडायला लावल्या. तरी दहा, नऊ, आठ, सात. तो माझ्याकडे संशयानं बघायला लागला.

संशयाचं कारण नाही. जेलेबलचं सेटटेक्स्ट मजकूर बदलल्यावर स्वतःच रीव्हॅलिडेट आणि रीपेंट करतं. जावाचा सोर्स कोड उघडा आहे, कुणीही बघावा. ‘स्विंग आपणहून काही करत नाही’ ही पहिली तक्रार तिथंच संपते. रंग बदला, मजकूर बदला, बटण बंद-चालू करा, पॅनल लपवा किंवा दाखवा. पुन्हा रंगवण्याची व्यवस्था तो घटक स्वतः करतो. स्क्रीन बदलली नाही तर याचा अर्थ एवढाच, की रंगवणाऱ्याला तुम्ही भलत्या कामाला जुंपलं आहे.

दुसरी तक्रार पॅनलची. चालू विंडोत नवं पॅनल ‘अ‍ॅड’ केलं तरी दिसत नाही. हो, दिसत नाही. हे गुपित आहे काय? अ‍ॅड आणि रिमूव्ह हे स्विंगच्याही आधीच्या, १९९६ सालच्या एडब्ल्यूटीतून आलेले हुकूम, आणि विंडो आधीच पडद्यावर असेल तर मांडणी पुन्हा करून घ्या, असं त्यांच्या माहितीतच लिहिलेलं आहे. पण ‘माहिती वाचा’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना अपमान वाटतो. मांडणी लगेच का करत नाही, याचं कारण तर स्वयंपाकघरातलं आहे. पंगतीत चाळीस पानं मांडायची आहेत; प्रत्येक पान ठेवलं की आधीची सगळी पानं सरकवून ओळ नव्यानं नीट कराल का? सगळी ठेवून झाली की एकदाच ओळ सरळ करता. चाळीस घटक टाका आणि शेवटी एकदा रीव्हॅलिडेट म्हणा. काही काढलं असेल तर जोडीला रीपेंट, कारण काढलेल्या घटकाची जुनी सावली मोकळ्या जागेत तशीच राहू शकते. दोन ओळी. यापलीकडे विद्या नाही.

आणि मुळात एकाच्या जागी दुसरा पडदा दाखवण्यासाठी ही काढघाल करायची कशाला? कार्डलेआउट जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पत्त्यांच्या कॅटमधलं हवं ते पान वर आणतं आणि मांडणीही आपली आपण करतं. ते सोडून लोक पॅनल उपटतात, नवं लावतात, आणि ते दिसलं नाही की जावाला शिव्या घालतात.

तिसरा मुद्दा मला खरा चीड आणणारा आहे, कारण तिथं अज्ञानाला अनुभवाची झूल घातलेली असते. ‘काहीही म्हणा, अपडेट-कॉम्पोनंट-ट्री-यूआय मारलं की चालतं. आम्ही करून बघितलंय.’ चालतं ना! का चालतं, तेही बघा. ही सोय विंडोचं रूपडं, म्हणजे लुक-अँड-फील, बदलण्यासाठी आहे. ती झाडातल्या एकूण एक घटकाला जुने कपडे उतरवून नवे चढवायला लावते, आणि सगळं झाल्यावर शेवटी इन्व्हॅलिडेट, व्हॅलिडेट, रीपेंट असे तीन हुकूम देते. तुमचं पॅनल दिसलं ते त्या शेवटच्या तिघांमुळे. घरात अंधार होता म्हणून रंगारी बोलावला, त्यानं चारही खोल्या रंगवल्या, आणि जाताना दिव्याचं बटण दाबून गेला. आता तुम्ही गावभर सांगत सुटलात, की अंधारावर ऑइलपेंट हा रामबाण उपाय आहे.

फ्रेम लपवून दाखवण्याबद्दल तर काय बोलावं. विंडो लुकलुकते, समोर काम करणारा माणूस दचकतो, आणि मूळ दुखणं असतं तिथंच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. काही हुशार मंडळी पेंट-इमिजिएटली शोधून काढतात आणि त्या उलट्या मोजणीत खरोखर आकडे उमटवून दाखवतात. शाबास! आता आकडे पळत असताना विंडोची फुली दाबून बघा. काही होणार नाही, कारण फुलीची चिठ्ठीही त्याच झोपलेल्या कारकुनाच्या रांगेत आहे. दाखवायला चेहरा आहे, आत शुद्ध नाही.

या रिफ्रेशची किंमत प्रोग्रॅमर मोजत नाही, खिडकीपलीकडचा माणूस मोजतो. एका पतसंस्थेत मी हे बसून पाहिलं आहे. रोजकिर्दीचा तक्ता ‘ताजा’ राहावा म्हणून लिहिणाऱ्यानं दर पाच सेकंदांनी जुना जेटेबल काढून नवा लावायची सोय केली होती. रोखपाल बाई पन्नास-साठ नोंदी खाली जाऊन एक ओळ निवडायच्या, पावतीचा नंबर ताडून बघायला मान वळवायच्या, आणि मान परत येईपर्यंत तक्ता पुन्हा पहिल्या ओळीवर. निवड गेली, कष्टानं रुंद केलेला ‘खातेदाराचे नाव’ हा स्तंभ आखडला, रकमेच्या चौकटीत अर्धा टाइप केलेला आकडा गडप. त्यात दर वेळी डेटाबेसमधून नोंदी आणायचं कामही त्याच कारकुनाच्या डोक्यावर, म्हणजे लाइन मंद असली की मधूनमधून सगळंच थिजायचं. बाई मला म्हणाल्या, ‘हे सारखं आवरतच असतं हो. मला काम करू देत नाही.’ वीस वर्षं काउंटरवर काढलेल्या त्या बाईंनी एका वाक्यात जे निदान केलं, ते त्या प्रोग्रॅमरला तीन आवृत्त्यांत जमलं नव्हतं.

तक्ता ताजा करायचा नसतो. तक्त्यामागचं मॉडेल बदलायचं असतं, आणि काय बदललं ते मॉडेलनं नेमकं सांगायचं असतं. एका चौकटीतली रक्कम बदलली तर ‘ही चौकट बदलली’, तीन नोंदी वाढल्या तर ‘या ओळी वाढल्या’. फायर-टेबल-सेल-अपडेटेड, फायर-टेबल-रोज-इन्सर्टेड हे हुकूम त्यासाठीच आहेत. जेटेबल तेवढाच भाग रंगवतो, निवड जागेवर राहते. ‘सगळंच बदललं’ अशी हाळी दिली, म्हणजे फायर-टेबल-डेटा-चेंज्ड, तर तो निवड पुसतो. आणि बरोबरच करतो. सगळंच बदललं असेल तर जुन्या निवडीला अर्थ काय? तुम्ही खोटं सांगितलं, त्यानं खरं मानलं. यात भोळेपणा असेल, मठ्ठपणा नाही.

नोंदी आणायचं जड काम मागच्या खोलीत पाठवायला स्विंगवर्कर आहे; २००६च्या डिसेंबरात आलेल्या जावा ६ पासून तो जावाच्या पेटीतच मिळतो. मागे काम चालतं, मधला माल पब्लिश करून पाठवता येतो, आणि तो खिडकीवरच्या कारकुनाच्या हातात प्रोसेसमधून पडतो. पतसंस्थेचं ते सॉफ्टवेअर याच्या कितीतरी नंतरचं होतं, तरी लिहिणाऱ्याला याचा पत्ता नव्हता. रिफ्रेशचा मात्र होता.

आता त्या आठ कोरवाल्यांकडे येऊ. ‘एकच थ्रेड म्हणजे मागासपणा’ हे वाक्य ऐकायला फार आधुनिक वाटतं, आणि अनेक थ्रेडांचा प्रयोग केव्हाच करून झाला आहे, हे ते बोलणाऱ्याच्या गावीही नसतं. एडब्ल्यूटी सुरुवातीला अनेक थ्रेडांनी वापरता येईल अशीच करायची होती. जावा घडवणाऱ्या सन कंपनीतल्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये या सगळ्या खटाटोपावर लिहिताना त्याला फसलेलं स्वप्नच म्हटलं. कारण सोपं आहे. माउसची हालचाल ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर तुमच्या प्रोग्रॅमकडे येते. तुमचा हुकूम वरून खाली जातो. दोघंही वाटेतली कुलपं लावत निघाले की अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्यांसारखी गत होते. ना हा मागे सरत, ना तो. म्हणून स्विंगनं एकच दिशा आणि एकच कारकून पत्करला.

आणि बाकीच्यांनी काय केलं? एक्लिप्सच्या एसडब्ल्यूटीत एकच यूआय थ्रेड. जावाएफएक्समध्ये एकच. विंडोज फॉर्म्समध्ये तेच. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्येही दुसऱ्या थ्रेडवरून पडद्याला हात लावलात तर अ‍ॅप तिथल्या तिथं कोसळतं. स्विंगला मागास म्हणणारा माणूस ते वाक्य ज्या फोनवर टाइप करतो, तो फोन याच नियमावर चालतो.

एक गोष्ट मात्र मी कबूल करतो, कारण ती खरी आहे. या गोंधळाला सनचाही हातभार लागला. सुरुवातीची शिकवण अशी होती, की विंडो पडद्यावर येईपर्यंत ती मुख्य थ्रेडवरून उभारली तरी चालेल. पुढे ती फिरवून ‘सगळं इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरच करा’ असं सांगितलं गेलं. मजकुराच्या घटकांचं सेटटेक्स्ट कुठल्याही थ्रेडवरून चालतं, असं माहितीत वर्षानुवर्षं छापलेलं होतं. जावा ७ मध्ये ते गुपचूप काढलं. आणि चुकीच्या थ्रेडवरून हात लावला तर एसडब्ल्यूटी किंवा जावाएफएक्स जसं तोंडावर सांगतात, तसं स्विंग सांगत नाही. बहुतेक वेळा सोसतं, आणि एखाद्या दिवशी गिऱ्हाईक समोर असताना तक्त्याच्या दोन ओळी एकमेकींवर छापतं. ही सोशिकता मला दोषच वाटते. पण हा दोष रिफ्रेशनं जातो का? उलट रिफ्रेश मारणारे तो झाकून ठेवतात.

राहता राहिलं वेब. तिथं म्हणे सगळं आपोआप. ब्राउझरच्या एका पानात जावास्क्रिप्ट आणि पानाची रंगरंगोटी एकाच मुख्य थ्रेडवर असते. तिथं दहा सेकंदांचा लूप फिरवून बघा, पान असंच थिजतं. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये लोकांसमोर आलं. त्यात स्टेट बदला, पडदा आपला आपण बदलेल, आणि अनेक बदल गोळा करून एकदाच रंगवले जातील, हे ऐकून लोक हरखून गेले. मॉडेल बदला, पडदा मागोमाग येईल. विनंत्या गोळा करून एकदाच रंगवा. १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आलेलं स्विंग दुसरं काय सांगत होतं? तेव्हा कुणी ऐकलं नाही, कारण सगळे उजवं क्लिक करण्यात गुंतले होते.

स्विंग दिसायला देखणं आहे, असं मी म्हणत नाही. नवं काम त्यातच करा, असंही नाही. पण नेटबीन्स आणि इंटेलिजे आयडिया हे दोन्ही संपादक स्विंगवर उभे आहेत. त्यांत तुम्ही टाइप करता तसतशी चुकांखाली लाल रेघ उमटते, डावीकडचं फाइलींचं झाड बदलतं, खाली चाचण्यांचे निकाल एकेक करून सरकत येतात, आणि कुठंही रिफ्रेशचं बटण दाबत बसावं लागत नाही. कैकदा गंमत अशी, की स्विंग मठ्ठ आहे हे सांगणारा माणूस आपला स्विंगचा कोड यांतल्याच एका संपादकात लिहीत असतो.

तेव्हा विंडोचा मजकूर बदलत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्याला माझं उत्तर एकच. विंडो ताजी करायचा विचार सोडा. मॉडेल बदला, जड काम मागच्या खोलीत पाठवा, घटक टाकले-काढले तर शेवटी एकदा रीव्हॅलिडेट आणि रीपेंट म्हणा, आणि खिडकीवरच्या माणसाला मोकळा ठेवा. इतकं केल्यावरही पडदा बदलला नाही, असं उदाहरण त्या सीनियर मंडळींनी मला आणून दाखवावं.

आणि पुढच्या वेळी विंडो थिजली की तिला लपवू नका, मोडू नका. ती तशीच थिजलेली असू द्या आणि दुसरीकडे जेस्टॅक चालवा. जेडीकेबरोबर फुकट येतो. येणाऱ्या यादीत ‘एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-०’ नावाचा थ्रेड शोधा. वरच्या काही ओळी डेटाबेस ड्रायव्हरच्या असतील, नाहीतर झोपेच्या. त्यांच्याखाली, अ‍ॅक्शन-परफॉर्म्ड या शब्दाशेजारी, तुमच्याच क्लासचं नाव असेल, ओळीच्या क्रमांकासकट.